रिकामा मिक्सर

अभ्यासाला शांतता लागते, हे मला सांगूच नका. उधन्यात आमच्या घराच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना. पप्पा तिथेच कामाला. खटाखट, खटाखट, मी जन्मले तेव्हापासून. टीवायबीकॉमचं अख्खं वर्ष मी पप्पांना ऐकवत होते, "परीक्षा संपू द्या, पुण्याला नोकरी धरते आणि अशी खोली घेते की टाचणी पडली तरी ऐकू येईल."

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी नेमका रविवार, कारखान्याला सुट्टी. मी पुस्तक उघडलं, तर एक ओळ डोक्यात शिरेना. तासाभराने मी चक्क रडायला लागले.

आई अहिराणीत ओरडली, "आते काय व्हयनं?"

"आई, फार शांत आहे गं!"

तिने माझ्याकडे पाहिलं, उठली आणि रिकामा मिक्सर चालू केला. "ले, वाच आते!"

पप्पा धावत आले. "अगं, जळेल ना तो!"

"जळू द्या. पोर पास व्हवाले पाहिजे."

झाले पास. पुण्यात नोकरी लागली, खोलीही हवी तशी मिळाली. परवाच्या रविवारी दुपारी त्या खोलीत मला बसवेना. घरी फोन लावला. "पप्पा, काही बोलू नका. नुसता फोन भिंतीला धरा."

"अगं बेटा, आज सुट्टी ना. सगळं बंद आहे."

"बरं, मग ठेवते."

मग मागून आईचा आवाज आला, "फोन ठेवू नको तिले सांगा. मी मिक्सर लावस."