साबणाची दुसरी वडी

सासरे : साबण होता म्हणून निभावलं, सूनबाई! त्या जागी पितळ असतं तर कटरचे तुकडे माझ्या कपाळात घुसले असते.

सून : बाबा, तुम्ही धावत येऊन लाल बटण दाबलंत. माझा हात तर जागचा हललाच नाही.

सासरे : या थरथरत्या हाताला आता तेवढंच जमतं. जुन्या मशीनचं चाक फिरवायला गेलो की एक मिलिमीटरचा दीड होतो. तू बस आधी. घाम पूस.

सून : तीन महिने क्लास केला, घरचं सगळं उरकून कॉम्प्युटरसमोर बसले. पंपाच्या झाकणाचं चित्र दहादा तपासलं. आणि हा कटर उतरला तो थेट साबणाच्या पोटात, आणि आत तसाच आडवा धावला! खरं सांगू? तुम्ही आधी साबण लावायला सांगितलंत ना, तेव्हा रागच आला होता. म्हटलं, यांचा माझ्यावर विश्वास नाही.

सासरे : नव्हताच. म्हणजे तुझ्यावर नाही गं, त्या कॉम्प्युटरवाल्या नव्या मशीनवर. पंपवाल्याने पंपाबरोबर झाकणासाठी पितळाचा ठोकळा एकच दिलाय. तो बिघडला तर पाच वाजता कारखाना बघायला येणाऱ्या माणसाच्या हातात किल्ल्या ठेवायच्या. असंच ठरलंय ना आपलं?

सून : ठरलंय. तुमच्या लेकाने तर ‘विकणे आहे’ची पाटीही दारावर लावून टाकलीय.

सासूबाई : अहो, माझ्या कपड्यांच्या साबणाच्या दोन वड्या कुठे गेल्या?

सासरे : एक शहीद झाली. दुसरी रांगेत आहे.

सासूबाई : कमाल आहे बाई! चहा आणलाय, घ्या. आणि दोघांचे चेहरे असे का उतरलेत?

सून : आई, माझं चुकलंय, पण काय ते कळत नाहीये.

सासरे : रडायला नंतर बस. आधी मला सांग, मशीनला तू काय सांगितलं होतंस?

सून : शून्याच्या पाच मिलिमीटर वरून धाव, मग हळूच खाली उतरून काप. बस्स.

सासरे : आणि शून्य, म्हणजे उंची मोजायची सुरुवात, मी लावून दिलं, माझ्या पद्धतीने. कटरखाली पातळ कागद सरकवायचा, कटर हळूहळू खाली आणायचा, कागद अडकला की शून्य.

सून : बरोबर. कागद ठेवलात कुठे?

सासरे : टेबलावर. आणखी कुठे ठेवणार? जन्मभर सगळी उंची टेबलापासूनच मोजत आलोय.

सून : अगं बाई!

सासरे : काय झालं?

सून : बाबा, मी चित्रात शून्य ठोकळ्याच्या माथ्यावर धरलंय! क्लासमध्ये तसंच शिकवलं. साबण वीस मिलिमीटर उंच. टेबलापासून पाचवर म्हणजे त्याच्या पोटातच की!

सासरे : हात तिच्या! म्हणजे मशीन शहाणं, आणि येडे आपण दोघं.

सून : मी तुम्हाला विचारायला हवं होतं.

सासरे : मीही सांगायला हवं होतं. पण चाळीस वर्षं एकट्याने काम केलं, सूनबाई. मोजणारा मीच, कापणारा मीच. सांगायची सवय कुणाला?

सासूबाई : मला तर कधी साबण नेतो म्हणूनही सांगितलं नाही.

सासरे : आण ती दुसरी वडी. या वेळी कागद तिच्या डोक्यावर ठेवतो. तू कटर खाली आण. सावकाश... आणखी एक टिचकी... थांब! अडकला.

सून : मशीन चालू करू? बटणाजवळ उभे राहा हं, बाबा.

सासरे : हलतोय कुठे मी?

सून : वरून धावला! उतरला... कापतोय, बाबा, बरोबर कापतोय!

सासरे : दिसतंय. आता पितळ लाव. आणि कागद पुन्हा घे, उंचीत केसाचाही फरक नको.

(मशीनची घरघर थांबते. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार.)

सून : झाकण पंपावर तुम्हीच बसवून बघा.

सासरे : नाही, तूच बसव. मी बोटाने कड बघतो. दाब... बसलं! हलतंय का बघ जरा.

सून : जराही नाही.

सासरे : जराही नाही! अगं, ऐकलंस का? जराही हलत नाही!

सासूबाई : ऐकलं हो. डोळे पुसा आधी, आणि त्या पाच वाजताच्या माणसाला फोन करा. बिचारा उगाच हेलपाटा घालेल.

सून : मी करते फोन. काय सांगू, बाबा?

सासरे : सांग, कारखान्यात दोन माणसं कामाला आहेत, विकायचा नाही. आणि फोन झाला की पान्हे ठेवतो ना, त्या खणातला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दाराशी ये.

सून : कशाला?

सासरे : पाटी मी धरतो. स्क्रू तू फिरव.