सापाच्या परमिटवर माझी सही

...आणि हात कुणी धुवायचे? मी! माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसायच्या आधी, आणि तेही नुसते पाण्याखाली धरून नाही, साबण लावून, वीसपर्यंत मोजून! सापाने धुवायचे नाहीत. सापाला हातच नाहीत म्हणा, पण तुम्हाला सांगतो, असते तरी धुवायला मलाच पाठवलं असतं! हसू नका हो. मस्कतला, बौशरमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट, मी, बायको इरीन, नऊ वर्षांची मेरिल, तीन वर्षांचा स्टॅन्ली, आणि हॉलमध्ये, जिथे चारचौघांच्या घरी टीव्ही असतो ना, बरोबर तिथे, काचेच्या पेटीत, साप! जिवंत! चार फुटी! पाळलेला! टीव्ही कुठे? बेडरूममध्ये, कपाटावर, मान वर करून बघायचा. आणि या सगळ्याला परवानगी कुणी दिली? मी दिली. आता बोलणार काय? खाली सही माझी आहे!

मी ज्युलियस, वसईचा, सेफ्टी ऑफिसर. इब्रीच्या पुढे वाळवंटात आमची साइट आहे, पाच दिवस तिथे, दोन दिवस घरी. तिथे कुणाला शिडी चढायची असो, खड्डा खणायचा असो, दोन वायरी जोडायच्या असोत, आधी माझा फॉर्म भरायचा. धोका काय, टाळणार कसा, जबाबदार कोण, आणि खाली सही. सही नाही तर काम नाही. बारा वर्षं हेच करतोय हो! रोज सकाळी काम सुरू होण्याआधी शंभर माणसं रांगेत उभी करतो आणि ओरडतो, "साप दिखा तो?" आणि शंभर माणसं उलट ओरडतात, "देखो, छूना नहीं, पीछे हटो, बताओ!" तिकडे साप खरे आहेत, वाळूत अंग पुरून बसतात, नुसते डोळे वर. आणि हे सगळं मी घरी येऊन जेवताना रंगवून रंगवून सांगायचो, कौतुकाने! मला काय माहीत, समोर बसून कोण पाठ करतंय?

तर यंदाची, या सोळा सालचीच गोष्ट. तेलाचे भाव पडले, कंपन्यांनी माणसं कमी केली, त्यात आमचा गोरा मॅनेजर खलास, फायनल एक्झिट. आता इथली रीत तुम्हाला माहीत आहे, माणूस कायमचा निघाला की घर वाटून टाकतो. कुणाला सोफा, कुणाला कुंड्या, कुणाला इस्त्रीचं टेबल. माझा डोळा त्याच्या बार्बेक्यूच्या शेगडीवर होता. काय शेगडी होती! झाकणवाली, चाकं असलेली! म्हणून गेलो कुरुमला त्याच्या व्हिलात, आणि मूर्खासारखा मेरिलला बरोबर घेऊन गेलो. शेगडी माझ्या पाच मिनिटं आधी कुणीतरी उचलली होती. मी कपाळाला हात लावून वळतो तर आमची कन्या एका काचेच्या पेटीला नाक लावून बसलेली. "डॅडी, ही इज अ कॉर्न स्नेक. विष नाही आहे. ही हॅज नोबडी." याला कुणी नाही म्हणे! अगं, मला तरी कोण आहे?

आता इथे काय करायचं? नाही म्हणायचं! बाप आहेस ना? 'नाही' म्हण आणि पाणी पी! पण मला शहाणपण सुचलं. आमच्या साइटवर एखादं काम व्हायलाच नको असेल ना, तर कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, हातात फॉर्म देतात. माणूस सह्या गोळा करता करता म्हातारा होतो. मी तेच केलं. गाडीत बसल्याबसल्या ऐटीत म्हणालो, "बेटा, घरात लहान भाऊ आहे. रिस्क असेसमेंट कर, सगळ्यांच्या सह्या आण, मग बघू." आणि गेलो निघून इब्रीला, निश्चिंत! हे असं असतं, दुसऱ्यासाठी खड्डा खणायचा तर आधी स्वतःची उंची मोजून घ्यावी.

परत आलो तर टेबलावर अकरा पानं! माझ्याच लॅपटॉपमधला फॉर्म! धोका एक, साप बाहेर येईल. उपाय, झाकणाला दोन क्लिपा, वर कुलूप, चावी मम्मीच्या पर्समध्ये. धोका दोन, स्टॅन्ली पेटीत हात घालेल. उपाय, हॉलला लाकडी फाटक, स्टॅन्लीला ट्रेनिंग. धोका तीन, जंतू. उपाय, हात लावण्याआधी आणि नंतर साबण, सापाची पापी घ्यायची नाही. पापी! कोण घेणार होतं? चिकन खाऊन जवळ जायचं नाही, नाहीतर बोटालाच जेवण समजेल. खाऊ घातल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, अपचन होतं. त्याला! इथे मी रविवारी पहाटे चारला उठून, आमचे वसईचे तळलेले दोन फुगे तोंडात कोंबून, तीन तास गाडी हाकतो, माझं अपचन कुठल्या पानावर आहे?

बरं, सह्या! इरीन कुरुमच्या क्लिनिकात नर्स आहे, मला वाटलं ही तरी फाडून टाकेल. तर ही कागद वाचता वाचता म्हणते, "हात धुण्याची पद्धत बरोबर लिहिलीय हं, आमच्या डॉक्टरलाही इतकी येत नाही." सही! फक्त एक अट, गोठवलेले उंदीर माझ्या फ्रीझरमध्ये पापलेटाशेजारी नकोत. म्हणून त्याला वेगळा छोटा फ्रिज! मी लग्नानंतर सात वर्षं पाणी थंड करायला माठ वापरला, आणि हा आल्या दिवशी फ्रिजवाला! मग मी म्हटलं घरमालक, ओमानी माणूस, कडक, तो नाही म्हणेल. त्याने मेरिललाच विचारलं, "ये भौंकता है?" "नो अंकल." "पानी गिराता है नीचे?" "नो अंकल." "मा फी मुश्किल, खलास!" म्हणजे काही हरकत नाही! सही, वर शिक्का! आणि खाली नातूर, आमचा वॉचमन अमीनभाई, दापोलीचा. त्याची सही कुणी मागितलीच नव्हती, त्याने आपण होऊन केली. "अहो साहेब, आमच्याकडे वळचणीला धामणी फिरतात, त्यापुढे हा काय, गांडूळ! पोरीचं मन मोडू नका."

राहिली एकच जागा. माझी. मेरिल पेन घेऊन समोर उभी. "डॅडी, एनी ऑब्जेक्शन? लिहून दे." आता खरं सांगतो, ऑब्जेक्शन होतं. एकच होतं. पण ते बारा वर्षं साप दिसला तर काय करायचं हे शिकवणाऱ्या माणसाने, स्वतःच्या मुलीसमोर, कागदावर, कसं लिहायचं? मी अकरा पानं नुसती चाळली, न वाचता, आणि सही ठोकली. न वाचता! साइटवर असं कुणी केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता! आणि आता बोलणार काय? खाली सही माझी आहे!

आला! नाव काय ठेवलं? पास्कल. माझ्या सख्ख्या मामाचं नाव! का? तर मीच कधीतरी म्हणालो होतो, पास्कलमामा एकदा जेवला की चार दिवस हलत नाही. मामाचा वसईहून फोन आला, स्टॅन्लीने उचलला आणि पहिलं वाक्य, "पास्कल डिड पॉटी!" मामा अजून बोलत नाहीत माझ्याशी. आणि त्या पास्कलला लागतं ऊन! जुलै महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, अख्खं मस्कत एसी लावून, पडदे ओढून बसलंय, आणि आमच्या हॉलमध्ये एसीच्या खाली दिवा! गरम व्हायला! घरात मला थंडी, त्याला ऊन. अमीनभाई म्हणतो, "साहेब, पेटी गच्चीवर ठेवा, फुकट गरम होईल." मेरिलने पान चार दाखवलं, गच्ची मना!

आता मुद्द्याचं ऐका. गुरुवारची दुपार. मी इब्रीहून आलेलो, इरीन ड्युटीवर, मेरिल मैत्रिणीच्या वाढदिवसाला, घरी मी आणि स्टॅन्ली. आणि पेटी वाजायला लागली. तापमान उतरलं की वाजणारा आतला अलार्म, पीप, पीप, पीप. दिव्याचा बल्ब गेला, आतलं ऊन कमी झालं. आता हे कुणी बघायचं? उघडलं पान सहा. 'मेरिल घरी नसेल तर: डॅडी.' अरे! हे कधी लिहिलं? तेव्हाच लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं! चावीसुद्धा मम्मीच्या पर्समधून काढून फाटकाच्या खिळ्याला अडकवून ठेवलेली, माझ्या नावाची चिठ्ठी लावून.

मी साइटचे बूट घातले. हॉलमध्ये! हातमोजे, गॉगल, डोक्यावर हेल्मेट. स्टॅन्लीला फाटकाबाहेर उभं केलं. कुलूप काढलं, क्लिपा काढल्या, झाकण उचललं, बल्ब फिरवला, आणि तो... त्याने मान वर केली. बस. एवढंच. मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, बल्ब कसा बसला, झाकण कसं पडलं, मी स्वयंपाकघरात कसा पोहोचलो, काही आठवत नाही. तीन ग्लास पाणी प्यालो. बाहेरून स्टॅन्लीचा आवाज, "डॅडी." मी म्हटलं, "आलो रे." परत, "डॅडी." "आलो म्हटलं ना!" तिसऱ्यांदा, "डॅडी!"

गेलो. फाटक सताड उघडं, तेही मीच पळताना उघडं टाकलेलं. झाकण तिरकं. पास्कल अर्धा बाहेर, टेबलावरून खाली लोंबतोय. आणि समोर माझा मुलगा. तीन वर्षांचा. दोन्ही हात पाठीमागे बांधून, भिंतीला टेकून, ताठ उभा. आणि मला बघून काय म्हणतो? "देको. चूना नई. पीचे हटो. बताओ. आय बताओ, डॅडी. आय बताओ थ्री टाइम्स."

माझेच शब्द हो! इब्रीच्या वाळूत शंभर माणसांकडून घोकून घेतलेले! मी त्याला कधी शिकवले नव्हते, मेरिलने शिकवले, फॉर्ममध्ये लिहिल्याप्रमाणे, रोज, हात पाठीमागे बांधून! मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. पोराला उचललं आणि दोघे सोफ्यावर, बुटांसकट. पळालो नाही. पाय पळत होते, पण त्याला घेऊन सोफ्यावर चढले. तिथून अमीनभाईला फोन. तो हवाई चप्पल घालून आला, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने "चला पास्कलशेठ, घरात" म्हणत उचलला, ठेवला, क्लिपा लावल्या, चहा संपवला. माझ्या हेल्मेटकडे बघून फक्त म्हणाला, "बांधकाम चालू आहे काय साहेब?"

मी म्हटलं, संपलं. आज हा साप जाणार! बाप आहे मी! मुलं लहान आहेत! मेरिल घरी आली, सगळं ऐकून घेतलं, रडली नाही, ओरडली नाही. कागद घेऊन समोर बसली. चौकशी! आमच्याकडे अपघात झाला की पाच वेळा 'का' विचारतात, खरं कारण निघेपर्यंत. हेही मीच सांगितलेलं, जेवताना! "डॅडी, साप का बाहेर आला?" क्लिपा लावल्या नव्हत्या. "का?" घाई होती. "का?" तो... त्याने बघितलं माझ्याकडे. "ही ऑल्वेज लुक्स, डॅडी. मग का?" मी पळालो. "का?" इरीन तोंडावर ओढणी धरून बसलेली. आणि पाचव्या 'का'ला तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांच्या माणसाला बोलावं लागलं. मला भीती वाटते. लहान होतो, केळीच्या वाडीत पाणी लावत होतो, पायावरून साप गेला, मी जो पळालो तो घर गाठूनच थांबलो. आणि धाकटा भाऊ तिथेच पाटात उभा होता. माझ्याहून लहान. त्याला तिथे सोडून पळालो मी. त्याला काही झालं नाही. पण मी पळालो होतो.

मेरिलने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "पण डॅडी, आज तू स्टॅन्लीला... नाही सोडलं."

मला वाटलं, संपलं! आता मिठी मारेल, साप देऊन टाकेल, बापाला माफी! कसलं काय! डोळे पुसले आणि परत पेन उचललं. 'रूट कॉज: डॅडीला भीती वाटते. साप: नॉट गिल्टी. उपाय: ट्रेनिंग. दर शुक्रवारी मिस्सा झाल्यावर डॅडीने पास्कलला दहा मिनिटं हातात धरायचं. तोपर्यंत डॅडीने पेटीजवळ एकट्याने जायचं नाही.' एकट्याने नाही! मी, सेफ्टी ऑफिसर, बारा वर्षांचा अनुभव! म्हटलं, बरोबर कोण असेल मग? तर खाली लिहिलेलं, 'सुपरव्हायझर: स्टॅन्ली, वय ३.' आणि त्याने सहीपण केलेली, लाल खडूने, टेबलाच्या लाकडापर्यंत!

आज शुक्रवार. मिस्सा संपली, म्हणून तर इथे चर्चच्या आवारात तुमच्यात चहा पीत उभा आहे, होईल तितका उशीर करतोय. पण तो बघा, तिकडून येतोय, माझा सुपरव्हायझर... बूट उलटे घातलेत, पण हात पाठीमागे बांधलेत. हो रे बाबा, येतो! बिस्किटाचे हात आहेत, आधी धुतो. वीसपर्यंत मोजतो. नाही म्हणू शकत नाही हो... खाली सही माझी आहे, आणि वर त्याची!