रुखवतातले रुमाल

मंडळी, एक सांगा — चोरी काय हातानंच होते? मान खाली घालून, गप्प बसून चोरी करता येते की नाही? नुसत्या माना डोलावू नका, ऐका!

एक संस्थान होतं. तिथल्या मंजुळाराजेंचं लग्न निघालं. रुखवत काय मांडलं होतं म्हणता! मधोमध चांदीचं तबक, तबकात लेसचे हातरुमाल — फुंकर मारली तर उडतील इतके तलम! नाक पुसायला नव्हेत हो! त्यांच्याकडे बघून नुसतं 'अहाहा' करायचं!

आता रीत तुम्हाला ठाऊकच आहे. रुखवतात काहीही असो, आईनं म्हणायचं, "सगळं आमच्या मुलीच्या हातचं!" आईसाहेबही म्हणाल्या. आणि मंजुळाराजे? क्रोशाची सुई कधी हातात धरली नव्हती बाईंनी! रुमाल विणले होते चिमाबाईनं. राजवाड्यावर शिवणकाम करणारी गरीब विधवा. डोळ्यांचं पाणी करून विणले!

तेवढ्यात एक करवली ओरडली, "अगं बाई! या पोरीच्या कमरेला रुखवतातला रुमाल!"

पोरगी कोण? चिमाबाईची गोजरा. तिचंही लग्न जमलेलं. वीण चुकली म्हणून आईसाहेबांनीच टाकून दिलेला एक रुमाल चिमाबाईनं हौसेनं लेकीला दिला होता. झालं! "चोर! चोर!"

पेच बघा हं! चिमाबाईनं 'मीच विणलाय' म्हणावं, तर भर मांडवात आईसाहेब खोट्या पडतात. ती बिचारी नुसती मंजुळाराजेंकडे बघत राहिली. मंजुळाराजेंच्या ओठांवर शब्द आला होता — 'तिनंच विणलेत!' पण सासरचे काय म्हणतील? गिळला शब्द! हातावरची मेंदी बघत बसल्या!

मायलेकींना हाकललं. गोजराचं लग्न मोडलं — चोराची लेक कोण करून घेणार? अहो, संताप होतो माझा! एवढे पाहुणे, एवढे ब्राह्मण, एवढे मंत्र, आणि खरं बोलायला एक तोंड नाही?

पुढे मंजुळाराजेंना मुलगा झाला. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "सूनबाई, बाळाच्या टोपड्याला तुमच्या हातची लेस लावा." बाई दोरा घेऊन बसल्या. गुंत्यावर गुंता! शेवटी रडत सगळं सांगितलं.

सासूबाईंनी टोपडं बाजूला ठेवलं. "म्हणजे चोर हाकलला नाही आपण. वाजतगाजत घरी आणला!"

त्याच पावली मंजुळाराजे तबकातले सगळे रुमाल घेऊन चिमाबाईच्या दारात गेल्या. चिमाबाईला आता धड दिसतही नव्हतं. तिनं रुमाल चाचपले, बाजूला सारले.

"हे नकोत, ताईसाहेब. जिथं गप्प बसलात, तिथं बोला."

गेल्या बरं का! माहेरच्या पुढच्याच लग्नात, आईसाहेबांच्या देखत, भरल्या मांडवात बोलल्या. चिमाबाईचं नाव धुऊन निघालं. पण गोजराची उमेदीची वर्षं? ती कोण परत आणून देणार? तुम्ही?

हसताय काय! तुमच्या घरी लाडू वळते कोण आणि 'आमच्या सुनेच्या हातचे' म्हणून मिरवतं कोण? कुणाच्या कष्टावर आपलं नाव लावलंत, आणि त्याच्यावर आळ आला तेव्हा कुठं बघत बसलात?

आता टाळ्या वाजवून नामाचा गजर करायचाय. करा! पण दुसऱ्यावरचा खोटा आळ दिसत असताना जे तोंड उघडलं नाही, ते देवापुढं उघडू नका. त्याला ऐकवणार नाही!