बाबांची वजावट

...आणि मग घरात कोणी माझ्याशी धड बोलेना! गुन्हा काय माझा? तुम्हाला सांगतो, मी नुसता अंदाज काढत होतो हो! यंदा कर किती बसेल, एवढंच बघावं म्हटलं, तर पगार शिरलेला वरच्या टप्प्यात! सगळा नाही, शेपूट तेवढं. पण त्या शेपटाला दर बघा... विमा वजा केला, घरकर्जाचं व्याज वजा केलं, शेपूट काही निघेना! तेवढ्यात बायको म्हणते, "अहो, आईवडील अवलंबून असले की वजावट मिळते ना? बाबा आहेत की!"

आहेत की! गेलो कागद घेऊन. "बाबा, इथे सही करा." बाबांनी चष्मा लावला. जन्मभर बस चालवलेला माणूस, प्रत्येक पाटी वाचणार! वाचलं. "अवलंबून? मी? तुझी आई गेली तेव्हा तूच म्हणालास ना, बाबा, चला, आम्हाला सोबत होईल? मला वाटलं, मी तुमच्या सोबतीला आलोय."

म्हटलं, "बाबा, नुसता अंदाज..." पण ऐकतंय कोण!

दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाशेजारी पाकीट. "हे काय?" "भाडं. पावती दे." मी म्हटलं, वेड लागलंय का? तर म्हणतात, "घेत नसशील तर बॅग भरतो." घेतलं! करतो काय?

करसल्लागाराकडे गेलो. तो नाकातून बोलतो, "भाडं म्हणजे उत्पन्न, दाखवावं लागणार. आणि भाडं भरणारा माणूस अवलंबून कसला? वजावट गेली तुमची!" म्हणजे बघा, आधी शेपूट आत होतं, आता कमरेपर्यंत आत! मी नुसता अंदाज काढत होतो हो!

घरी आलो तो तणतणतच. "बाबा, तुमच्या भाड्यावर मला कर बसतोय, कर!" मला वाटलं, आता तरी विरघळतील. विरघळले की! किती दिवसांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाले, "एवढंच ना? मग कराचे पैसे भाड्यात वाढवून देतो. मी आहे ना तुला!"

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू... आणि त्या पाण्यातूनच दिसलं, की ते वाढवलेलं भाडंही उत्पन्नातच धरणार!