विमानानं झिंगे खायला

तुम्ही हसाल बायांनो, पण तेव्हा मी पार घाबरले होते. आमचे हे इथल्या फ्लाइंग क्लबात मेकॅनिक. विमान दुरुस्त करा, पण त्यात बसू नका, असं माझ्या बाबांनी लग्नाआधीच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

एका रविवारी "क्लबच्या साहेबांसंग जेवाले चाललो," म्हणून हे भल्या पहाटे गेले, ते दिवेलागणीला उगवले. मी तान्ह्या मुन्नीला कडेवर घेऊन दारातच उभी. ह्यांच्या अंगाला मासळीचा वास!

"कुठं जेवले जी?"

"विशाखापट्टणमले. साहेबाले समुद्राचे झिंगे खायची हुक्की आली. एवढे मोठे होते!"

"आन् गेले कशानं?"

"क्लबच्या विमानानं. चारच सीटा आहेत त्याले."

मी मुन्नीला खाली ठेवलं. "बाबाले काय कबूल केलं होतं तुम्ही? पहिल्यांदाच बसले, आन् थेट समुद्रापर्यंत?"

हे चप्पल काढता काढता म्हणाले, "पहिल्यांदा काहून वं? इंजिन खोलून जोडलं का दरवेळी मलेच बसवतात. साहेब म्हणते, ज्यानं नट कसले त्यानंच आधी बसावं. काम पक्कं होते."

म्हणजे लग्नापासून हा माणूस वर जाऊन येत होता, आणि मी संध्याकाळी भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारत होते!

तोवर रात्री मुन्नी रडली की मी ह्यांनाच उठवायची. त्या दिवसापासून एकदाही उठवलं नाही. झोपेच्या गुंगीत एखादा नट ढिला राहिला तर?