पुलापर्यंतची गोष्ट

कालव्याच्या कचेरीत रांग होती. मालबोटींना नवी इंजिनं बसवायचा हुकूम घ्यायला मिस्त्री आला होता. त्याच्या मागे दोघे बोलत होते.

“पंधरा वर्षं ट्रक हाणलास. बोटीवर जीव रमतो का?”

“पाय अजून ब्रेक शोधतो. पण कालवा घरामागूनच जातो ना.”

“मग?”

“ट्रकमधून लेकीला हात करेपर्यंत वळण यायचं. आता बोट तिच्याच चालीने जाते. ती काठाकाठाने येते, शाळेतलं सगळं सांगते, थेट पुलापर्यंत.”

“नव्या इंजिनाने दुप्पट वेग येणार म्हणे. तिला म्हणावं, भरभर बोल.”

“भरभरच बोलते ती. तरी गोष्ट पुलापाशी अर्धी राहते. म्हणून तर अर्ज आणलाय, माझं इंजिन जुनंच राहू दे.”

खिडकीतून मिस्त्रीला हाक आली.

“तुम्ही व्हा पुढे,” तो मागे वळून म्हणाला. “मला घाई नाही.”