सभागृहात पोचलेली आमची गल्ली

माझं नाव सुमन. जन्म अंबरनाथचा, बाप काडेपेटीच्या कारखान्यात होता, मूळ गाव तिकडं देशावर, पण ते मी दोनदा बघितलं असेल नसेल, मला विचाराल तर मी अंबरनाथचीच. बापाच्या खिशाला कंपनीचा बिल्ला असायचा, आणि तो लावून बाप चालायला लागला की काय त्याचा रुबाब, काय सांगू तुम्हाला, किराणावाला पण उभा राहून बोलायचा. कामगार होता ना तो, सरकारदरबारी नोंद असलेला. मला तेच पाहिजे होतं, दुसरं काय नाय. लग्न होऊन उल्हासनगरला आले, कॅम्प दोनला, आणि आल्या दुसऱ्या महिन्यापासून धागा कटिंग करते, म्हणजे जीन्स शिवून झाली की तिला जागोजागी धागे लोंबत असतात, ते आम्ही बाया घरी बसून कापतो, सकाळी शेठचा टेम्पो गठ्ठे टाकून जातो, संध्याकाळी उचलून नेतो. दोन पोरी वाढवल्या ह्याच्यावर, मोठीला खरवईला दिली. आणि एवढं करून कुठला पण फॉर्म आला की माझ्या नावापुढं काय लिहायचे, तर गृहिणी. अशी तिडीक जायची डोक्यात! अरे गृहिणी तर मी आहेच, पण दिवसभर हे कापते ते काय हवा खाते?

तर झालं काय, सरकारनं बजेट मांडलं, आणि त्याला सभागृहात उत्तर द्यायचं म्हणून विरोधी पक्षनेते साहेब आधी लोकांत फिरत होते. शोभा म्हणून माझी शेजारीण आहे, ती त्यांच्या पक्षाच्या बायकांत जाते, ती बोलली सुमन, साहेबांना तुझ्याच घरी आणते, तू खमकी आहेस, सांग त्यांना की बजेटमध्ये आमच्यासाठी पण काहीतरी मागा, आम्हाला कामगार म्हणून कार्ड पाहिजे. मी बोलले आण की, मी काय घाबरते काय.

आता आम्ही काय येडेपणा केला तो ऐका. पाहुणा येणार म्हटल्यावर बाई काय करणार? सगळे गठ्ठे पलंगाखाली कोंबले, उरले ते शोभाच्या मोरीत, फरशी पुसली, धाग्याचा एक तुकडा म्हणून ठेवला नाय, लग्नातल्या साड्या नेसलो, पोहे केले वर खोबरं घालून. साहेब आले, बसले, पोहे खाल्ले, इकडं बघतात, तिकडं बघतात, आणि बोलले ताई, पोहे फक्कड झालेत, पण तुमचं काम कुठाय? मी शोभाकडं बघते, शोभा माझ्याकडं. जे दाखवायला बोलावलं तेच लपवून बसलो होतो आम्ही! मग काय, पदर खोचला आणि त्या भारी साडीत शिरले पलंगाखाली, ओढले गठ्ठे बाहेर, सगळे पोट धरून हसतायत, मी पण हसतेय.

साहेब बोलले द्या बघू, मला जमतं का. आमची कात्री एवढीशी असते, अंगठ्यानं दाबायची, आणि डोळे मिटून कापलं तरी कापडाला लागता कामा नये, ते हातात बसायला वर्षं जातात. साहेबांनी धरली आणि केला कच्चकन घाव, पट्टा अडकवायचा लूप असतो ना कमरेला, तोच कापला! माझ्या तोंडून निघून गेलं, अहो ठेवा ती खाली, पीस फुकट घालवला, शेठ तुम्हाला नाय विचारणार, मला विचारणार. बोलले आणि जीभ चावली. एवढा मोठा माणूस आणि मी त्याला झापला.

ज्या दिवशी त्यांचं भाषण होतं त्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्या माझ्याकडं कापायला बसलो, मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. बराच वेळ रस्ते, वीज, शेती चाललं होतं, शोभा बोलली विसरले गं, आणि तेवढ्यात साहेब बोलले अध्यक्ष महोदय, मी उल्हासनगरच्या एका गल्लीत गेलो, सुमनताईंच्या हातातली कात्री घेतली आणि पॅन्ट खराब करून ठेवली, ताईंनी मला झापलं, बरोबर झापलं, कारण ते काम माझं नाय, ते कारागिराचं काम आहे, आणि ह्या कारागिराचं नाव मी तुमच्या अख्ख्या बजेटमध्ये शोधतोय, मला सापडत नाय. समोरच्या बाकावरून कोण तरी ओरडलं, तुम्हाला आयुष्यभर नुसतं कापायचंच येतं, सगळं सभागृह हसलं. हसू देत. मला कारागीर बोलले ना! बाई, अंगावर काटा आला माझ्या, शोभा तर रडायलाच लागली, खरवईवरून पोरीचा फोन, आई तुझं नाव घेतलं गं. आणि आमचे हे, विठ्ठलवाडी स्टेशनला रिक्षा चालवतात, रिक्षाला झेंडा सरकारच्या पक्षाचा, घरी आले तोंड पाडून. बोलले आपल्याच सरकारच्या विरोधात गेलीस. जरा वेळानं चहा पिता पिता बोलले, बाकी त्याचं सगळं राजकारण, पण तुझी कात्री कोणाला धरता येत नाय, एवढं मात्र खरं बोलला माणूस.

पण दुसऱ्या दिवशी टेम्पो माझ्या दारात थांबलाच नाय. शेठला फोन लावला तर बोलतो, ताई, आप तो बड़ी नेता बन गई, कल को लेबरवाला मेरे गाळे पे आके खड़ा होगा, मेरेको टेन्शन नहीं चाहिए. कार्ड राहिलं बाजूला, हातचं काम पण गेलं. शोभाला कळलं, तिनं काय केलं असेल, सगळ्या बायांना घेऊन आपापले गठ्ठे परत टेम्पोत टाकले, सुमनचा नाय तर आमचा पण नको. सीझन होता, माल अडला. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः स्कूटरवर गठ्ठा घेऊन आला, बोलला लो मेरी माँ. मी बोलले या, चहा घ्या. भांडून काय करायचंय, त्याला पण आम्ही पाहिजे आणि आम्हाला पण तो.

नंतर मंत्र्यांनी साहेबांच्या भाषणाला उत्तर दिलं, त्यात आमचा शब्द नाय, बजेट जसं होतं तसं पास. मी बोलले जाऊ दे, कार्डासाठी आपण आपला अर्ज करू. सगळ्या गल्लीची नावं लिहिली, पुढं काम, धागा कटिंग कारागीर. शोभाची सासू आमच्यात सगळ्यात जुनी कापणारी, तिला सही येत नाय, म्हणून तिला अंगठ्यासाठी कामगारांच्या हापिसात घेऊन गेलो, ह्यांच्याच रिक्षानं, झेंड्यासकट. म्हातारीनं शाई लावून अंगठा दाबला तर नुसता काळा डाग, परत दाबला तर परत डाग. क्लार्क बोलला हे चालणार नाय, ठसा उठत नाय. म्हातारी शरमली, हात पदरात घेतला, बोलली राहू दे सुमन, माझं नाव काढ, मी काय, नुसती बसूनच तर असते.

मला असा राग आला! मी तिचा हात ओढून त्याच्या टेबलावर ठेवला. बोलले साहेब, नीट बघा, रेषा गेल्या कुठं ते विचारा तिला, कात्री दाबून दाबून गेल्या, काम केल्याचा पुरावा मागता ना तुम्ही, हा घ्या. क्लार्कनं म्हातारीच्या अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं. मग पेन उघडलं आणि त्या डागाशेजारी लिहिलं, अंगठ्यावरील रेषा कामामुळे झिजल्या आहेत, आणि खाली स्वतःची सही केली, शिक्का मारला.

कार्ड अजून आलं नाय, येईल तेव्हा येईल, मी काय त्याच्यासाठी थांबलेली नाय, हे बघा तुमच्याशी बोलता बोलता अर्धा गठ्ठा झाला. पण त्या क्लार्कचं भलं होवो. सरकारच्या माणसानं सरकारच्या कागदावर आमच्या म्हातारीपुढं काम हा शब्द लिहिला, आणि म्हातारी आता गल्लीत सगळ्यांना अंगठा दाखवत फिरते.